जुनी लष्करी पिस्तुलं रेंजवर चालवून बघायची असतील तर: आपल्या बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात फौजेत कुणीच गेलं नाही असं घर शोधावं लागतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच गावात आहे म्हटल्यावर ते साहजिक आहे. त्यामुळं जुन्या हत्यारांची आवड आपल्याकडं लहानपणीच लागते. आता ह्यातली बरीच पोरं आयटीत, बाहेरच्या देशात आहेत, आईवडील त्यांच्याकडं चार-सहा महिने राहून येतात, कुणी बँकॉकची टूर करतं, कुणी प्राग-व्हिएन्ना, आणि तिकडं काही रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, पैसे भरले की पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातलं पिस्तूल इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीत चालवायला मिळतं. मग लोक जातात, जे सगळ्यात मोठं दिसतं ते मागतात, दहा गोळ्या धडाधड संपवतात, फोटो काढतात आणि परत येतात. विचारलं "कसं होतं?" तर "लई आवाज!" एवढंच सांगता येतं. पैसे तेवढेच घालवून त्याच तासाभरात कितीतरी जास्त कळू शकतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलोय.

पहिली पायरी: कायदा, आणि तो आधीच

आपल्याकडं भाड्यानं पिस्तूल घेऊन चालवायची सोय नाही हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका माणसाकडं जास्तीत जास्त दोनच लायसन्सची हत्यारं असा नियम झाला, आणि ९ एमएमसारखी लष्करी बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) पिस्तुलं तर सामान्य माणसाला लायसन्सवरही मिळत नाहीत. गावाकडं कुणाच्या घरी आजोबांचं जुनं काहीतरी ट्रंकेत पडलेलं असेल आणि कागद नसतील तर त्याला हात लावू नका, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, एखाद्या वकिलाला विचारून रीतसर पोलिस ठाण्यात जमा करा. आठवण आहे, वारसा आहे, सगळं खरं, पण बिनलायसन्सचं हत्यार म्हणजे थेट गुन्हा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. तिथल्या फेडरल कायद्याप्रमाणं टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक हातात घ्यायलाच बंदी आहे, रेंजवर भाड्यानं घेतली तरी ती त्यातच येते, आणि एच-वन-बी वाला मुलगासुद्धा त्याच नियमात बसतो कारण तोही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. ह्याला काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. म्हणून बुकिंग करायच्या आधी रेंजला फोन करून आपला व्हिसा कुठला ते स्पष्ट सांगा आणि काय कागद लागतील ते विचारा, "बघू तिकडं गेल्यावर" हे ह्या बाबतीत अजिबात चालत नाही. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे आहेत, तिथंही बुकिंगच्या वेळीच विचारायचं, पासपोर्ट तर सगळीकडंच लागतो.

दुसरी पायरी: निघायच्या आधी दोन-तीन महिने एअर पिस्तूल

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच आहे. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडं लायसन्स लागत नाही, आणि विकत घ्यायचीही गरज नाही, शूटिंग शिकवणाऱ्या क्लबात किंवा अकॅडमीत महिन्याची फी भरून शिकता येतं. आपल्या जवळ कुठं चालू आहे ते क्रीडा खात्याच्या ऑफिसात विचारा, नाहीतर कोल्हापूर आहेच की, हायवेनं दोन तास. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलेला राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, हे सगळे त्याच जिल्ह्यातले, तिथं शिकवणाऱ्यांची परंपरा उभी राहिलीय. जत्रेत फुगे फोडले म्हणजे नेम येतो असं समजणाऱ्यांनी एकदा तिथं जाऊन १० मीटरवरचं टार्गेट बघावं, मधलं दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं असतं.

एअर पिस्तूल एका हातानं चालवतात, आणि जुनी लष्करी पिस्तुलंही एका हातानं चालवायचीच म्हणून बनवलेली होती. घोडदळाच्या दुसऱ्या हातात लगाम असायचा, अधिकाऱ्याच्या हातात तलवार किंवा नकाशा. दोन्ही हातांनी घट्ट धरायची पद्धत सैन्यांमध्ये फार नंतर रुळली. त्यामुळं त्या मुठी लहान का, बारीक का, तिरक्या का, हे एका हातानं शूटिंग शिकलेल्याला लगेच समजतं.

तिथं तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. एक, तुमचा मुख्य डोळा कुठला. दोन्ही हात पुढं करून पंज्यांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा एक दिवा बघा, मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याला दिवा खिडकीत दिसत राहतो तो मुख्य. दोन, नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर. टार्गेट धुरकट दिसलं पाहिजे, साइट कडक, सुरुवातीला हे उलटंच होतं. तीन, चाप (ट्रिगर) सरळ मागं, हळूहळू, गोळी नेमकी कधी सुटणार हे आपल्यालाच कळू नये इतका सावकाश. झटका दिला की उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडं जाते, हे टार्गेटवर स्पष्ट दिसतं.

तिसरी पायरी: काय चालवायचं ते आधी ठरवा

एका दिवसात सरावाचं .२२ सोडून चारपेक्षा जास्त घेऊ नका. त्यापुढं हात थकतो, आवाजानं डोकं भणभणतं आणि दचकणं सुरू होतं, मग सगळीच पिस्तुलं वाईट वाटतात. आधी एक साधं .२२ मागून हात बसवून घ्या, मग हळू रिव्हॉल्व्हर, मग ९ एमएम, शेवटी जड किंवा कानठळ्या बसवणारी. उलटं केलं तर पहिल्याच मोठ्या धक्क्यानं पुढचा सगळा दिवस वाया जातो.

माझी पसंती विचाराल तर नवख्यानं हे चार घ्यावेत: ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर, जर्मन ल्यूगर, अमेरिकन कोल्ट १९११, बेल्जियमचं ब्राउनिंग हाय-पॉवर. चार वेगळे विचार आहेत. सोबत जर्मन पी-३८ किंवा रशियन टोकारेव्ह मिळालं तर दुसऱ्या दिवशी.

बुकिंग करताना विचारा की पिस्तूल अस्सल त्या काळातलं आहे का नंतरची आवृत्ती. पी-३८ म्हणून दाखवतात ते पुष्कळदा युद्धानंतरचं पी-१ असतं, त्याची बॉडी ॲल्युमिनियमची, वजनाला हलकं, म्हणजे तुलना तिथंच बिघडली. वेब्ली मार्क सहाच्या बाबतीत तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. .४५५ ची काडतुसं मिळेनाशी झाली म्हणून बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) मागून घासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसेल असं केलेलं आहे, पण नेहमीच्या फॅक्टरी .४५ चा दाब त्या सिलिंडरला झेपण्यापेक्षा जास्त असतो. "ह्यात कुठली काडतुसं घालता?" असं विचारा, कमी दाबाची खास भरलेली असतील तरच चालवा, उत्तर नीट आलं नाही तर सरळ नाही म्हणा.

चौथी पायरी: रेंजवर पोचल्यावर

कपड्यांचं आधी सांगतो. गळाबंद टी-शर्ट, पायात बूट, डोक्यावर पुढं टोक असलेली टोपी. ऑटोमॅटिक पिस्तुलातून पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं काडतूस, गरम होऊन बाहेर उडते आणि मोकळ्या गळ्यातून आत गेली तर माणूस हातातल्या पिस्तुलासकट नाचायला लागतो, अपघात तिथं होतो. ओढणी, साडीचा पदर घट्ट खोचून घ्या, नाहीतर त्या दिवशी पँट-शर्टच बरा. कानात बोळे आणि त्यावर इअरमफ, दोन्ही, विशेषतः रेंज बंदिस्त असेल तर. चष्मा असला तरी वरून सेफ्टी ग्लास.

नियम सगळीकडं तेच: प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, नळी कायम टार्गेटकडं, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि टार्गेटच्या मागं काय आहे ते माहीत हवं. इन्स्ट्रक्टर काय बोलतोय ते कळलं नाही तर मान डोलवू नका, परत विचारा. फोटो काढताना मागं वळू नका, नळीही तुमच्याबरोबर वळते. फोटो दुसऱ्याला काढू दे.

जुन्या काडतुसांच्या दोन गोष्टी जरूर लक्षात ठेवा. चाप ओढला, "टक" झालं आणि गोळी सुटलीच नाही, तर पिस्तूल तसंच टार्गेटकडं धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधी कधी बार उशिरा होतो. आणि नेहमीपेक्षा बारीक, फुसका आवाज आला तर लगेच थांबून इन्स्ट्रक्टरला सांगायचं, गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागं दुसरी सोडली तर नळी फुटते.

पाचवी पायरी: तुलना कशी करायची

एक छोटी वही आणि पेन न्या. अंतर १० मीटर, सगळ्यांना सारखंच. प्रत्येक पिस्तुलाला नवीन कागद. आधी पाच गोळ्या बसून, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून, ह्यात पिस्तुलाचा खरा नेम कळतो. मग पाच उभं राहून दोन्ही हातांनी, आणि इन्स्ट्रक्टर हो म्हणाला तर पाच एका हातानं. कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून लिहा. सगळी भोकं एकत्र पण खाली-वर पडली असतील तर घाबरायचं कारण नाही, जुन्या लष्करी साइट्स बहुधा जास्त अंतरासाठी लावलेल्या असतात, किंवा आताची काडतुसं वेगळ्या वजनाची असतात.

मग चार-पाच शब्दांत लिहा: मूठ हातात कशी बसली, साइट दिसली का, चाप कसा, धक्का कुठल्या दिशेनं आला, भरायला आणि रिकामं करायला किती खटपट. हे लगेच लिहायचं, दुसरं पिस्तूल हातात घ्यायच्या आधी. नंतर सगळ्यांची सरमिसळ होते.

आपण दचकतोय का हे बघायचं असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगून आपल्याला न कळत एखादं डमी (बार नसलेलं) काडतूस मधे घालून घ्या. "टक" झालं आणि नळी खाली डुचकली तर दोष पिस्तुलाचा नाही.

आता एकेकाचं

*वेब्ली.* मार्क सहा १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलं, .४५५ बोअर, रिकामंच एक किलोच्या वर. भारतीय पलटणींच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही महायुद्धांत ह्या घराण्याची रिव्हॉल्व्हरं वापरली. अंगठ्याजवळचा खटका दाबून नळी खाली मोडायची, मागून एक चांदणी वर येते आणि सहाच्या सहा पुंगळ्या एका दमात बाहेर पडतात. हे स्वतः करून बघाच, दुसऱ्यानं रिकामं करून दिलं तर त्यातला अर्धा आनंद गेला. गोळी १७ ग्रॅमची, जड आणि हळू, सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत, त्यामुळं धक्का झटक्यासारखा येत नाही, तळहातावर सावकाश ढकलल्यासारखा येतो. घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा हातोडा) अंगठ्यानं मागं ओढून चालवलं की चाप हलका, न ओढता चालवलं की लांब आणि जड, दोन्ही करून बघा. मोठं मिळालं नाही तर त्याचा धाकटा .३८ चा मार्क चार घ्या, नवख्याला तोच सोपा. आपल्याकडं कानपूरला बनणारं लायसन्सचं .३२ रिव्हॉल्व्हर ह्या मार्क चारच्याच वळणाचं आहे, गावात कुणाकडं तुम्ही ते बघितलंही असेल.

*ल्यूगर पी-०८.* जर्मन सैन्यानं १९०८ साली घेतलं. ह्याची मूठ खूप तिरकी आहे, आणि त्याचा परिणाम वाचून कळत नाही. डोळे मिटून हात समोर करा, मग डोळे उघडा, साइट जवळजवळ टार्गेटवरच असते. हेच बाकीच्या पिस्तुलांशी करून वहीत लिहा, मुठीच्या कोनाचा फरक ह्यापेक्षा सोप्या रीतीनं कळत नाही. गोळी सुटली की वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडून वर उठतो, तुमच्या नजरेच्या रेषेतच, पहिल्यांदा डोळा मिटतो, मग सवय होते. चाप मात्र मला आवडत नाही, बाजूच्या पट्टीतून फिरून ताकद जाते त्यामुळं तो स्पष्ट तुटत नाही. काडतूस थोडं कमजोर असलं तरी अडतं. नळी न झुकता सरळ रेषेतच मागं-पुढं होते म्हणून टेकवून मारलेल्या पाच गोळ्या फार जवळ जवळ पडतात, तिथं त्याचं कौतुक करावंच लागतं.

*कोल्ट १९११.* जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, .४५ एसीपी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) सात. अमेरिकेच्या फौजेत १९११ पासून १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून राहिलं. नवखे ह्याला घाबरतात, पण वजन जास्त असल्यानं धक्का सोसतो. चाप मागं सरळ सरकतो, बिजागरीवर फिरत नाही, चारही पिस्तुलांत ह्याचाच चाप सगळ्यात चांगला आहे असं माझं ठाम मत आहे. मुठीच्या मागं एक सेफ्टी आहे, नीट घट्ट धरलं नाही तर चाप चालतच नाही, आणि लहान हाताच्या माणसाला तिथंच अडचण येते. १९२० च्या दशकात ह्याची सुधारलेली ए-१ आवृत्ती आली: चाप आखूड केला, मुठीची मागची बाजू फुगीर केली, घोड्यानं अंगठ्याखालची कातडी चिमटू नये म्हणून वरची शेपटी लांब केली. रेंजवर दोन्ही असतील तर पाच-पाच गोळ्या दोन्हीतून मारा. सैनिकांची तक्रार ऐकून पोलादात केलेला बदल आपल्या हाताला कळतो, ह्यासारखी मजा नाही. जुन्या आवृत्तीच्या साइट्स इतक्या बारीक आहेत की मंद उजेडात दिसतच नाहीत, हेही लिहून ठेवा.

*हाय-पॉवर.* हे मी शेवटाला मुद्दाम ठेवलंय. ब्राउनिंगनं सुरू केलं, तो १९२६ साली वारला, बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह ह्या डिझायनरनं पुरं केलं, १९३५ साली आलं. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या, त्या काळात सात-आठच असायच्या. आपल्या सैन्यातलं ९ एमएम १-ए पिस्तूल, इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं, ते ह्याचंच भारतीय रूप. घरात फौजेतून रिटायर झालेलं कुणी असेल, सुभेदार काका, मेजर मामा, तर निघायच्या आधी त्यांच्याजवळ बसून विचारा की तुम्ही हे चालवलंय का, कसं वाटायचं. आपल्या भागातली ही माणसं स्वतःहून बोलत नाहीत, पण हत्याराबद्दल नीट विचारलं तर तासभर सांगतात, आणि ते सांगणं कुठल्या पुस्तकात मिळत नाही. मग तिकडं हाय-पॉवर हातात घ्याल तेव्हा त्यांनी काय म्हटलं होतं ते ताडून बघा. मूठ गोल, भरलेली, बहुतेकांच्या हातात पहिल्याच वेळी बसते. चाप जड आणि खरखरीत वाटेल, कारण मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये म्हणून आत एक पुर्जा घातलाय, तो चापाला घासतो. जुन्या गोल घोड्याचं पिस्तूल असेल तर हात फार वर धरू नका, कातडी चिमटते.

*बाकीची थोडक्यात.* पी-३८ मध्ये पहिली गोळी लांब, जड चापानं आणि पुढच्या हलक्या चापानं सुटतात, त्यामुळं पहिलं भोक बाजूला पडतं, ते वेगळं मोजा. टोकारेव्हची गोळी साडेपाच ग्रॅमची पण वेग सेकंदाला चारशे मीटरच्या वर, धक्का कमी आणि ज्वाळा-आवाज जबरदस्त, शिवाय त्याला वेगळी सेफ्टी नाही, म्हणून इन्स्ट्रक्टर जवळ असतानाच. रशियन नागांत रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर घोडा मागं जाताना पुढं सरकून नळीला चिकटतो, कल्पना सुंदर आहे, पण घोडा न ओढता चाप ओढायचा म्हणजे बोटाचा व्यायाम होतो, नुसता अनुभव म्हणून एकदा घ्या. माउझर सी-९६ वरून पट्टीनं भरायचं असतं, दहा गोळ्या एकदम आत दाबताना अंगठा जपा.

शेवटची पायरी: निघताना

साबण आणि गार पाण्यानं हात-तोंड धुवा, गरम पाण्यानं नको, गोळीतल्या शिशाची पूड अंगावर बसलेली असते. धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावायचा नाही, लहान पोराला उचलायचं नाही, आणि ते कपडे वेगळे धुवायचे.

टार्गेटचे कागद मागून घ्या, मागं तारीख, पिस्तूल, काडतूस आणि अंतर लिहा. पुंगळी मात्र एकही आणू नका, रिकामी असली तरी. आठवण म्हणून खिशात टाकलेली पुंगळी विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसली की विमान जातं आणि तुम्ही खुलासे देत बसता, आणि चुकून भरलेलं काडतूस निघालं तर शस्त्र कायद्याखाली केस. हॉटेल सोडायच्या आधी जॅकेटचे खिसे, पँटची दुमड, बॅगेचे बारीक कप्पे, बुटाच्या आतसुद्धा बघा, उडालेली पुंगळी कुठंही जाऊन बसते.